बर्फीच्या लेकीचे स्थळ

मित्रांनो, मी एक म्हातारी लॅब्राडोर कुत्री आहे आणि माझ्या अंगात शुद्ध विलायती रक्त आहे. माझे पूर्वज सातासमुद्रापलीकडे गोठलेल्या पाण्यात उड्या घेत, असे सांगतात. मी स्वतः मूर्तिजापूरला कडब्याच्या कोठ्यात जन्मले आणि पाण्याला घाबरते. माझे नाव बर्फी. तेही मिठाईवरून.

माझे मालक देवीदासभाऊ यांचे बी-बियाण्याचे दुकान आहे. दोन मुलींची लग्ने उरकल्यावर त्यांना आणि त्यांच्या बायकोला, मैनाबाईंना, स्थळे पाहण्याची जी सवय लागली, ती काही सुटेना. घरात लग्नाची उरलेली मी एकटीच होते.

"लांब कायले जाता?" मैनाबाई म्हणाल्या. "मामाचा पोरगा हाये ना अकोल्यात. घरातली सोयरीक."

आमच्या वऱ्हाडात मामाच्या घरी सोयरीक करणे म्हणजे पाहिलेल्या विहिरीचे पाणी पिणे. त्यामुळे कोणी दुसरा विचारच केला नाही. माझा मामेभाऊ जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठी एका गल्लीत राहत असे. फार देखणा होता. मला पाहून तो एका सायकलवाल्यावरचे भुंकणे अर्धवट सोडून उभा राहिला होता. आज तोंड पांढरे झाले तरी ती गल्ली मला आठवते.

पिल्ले झाली. गोजिरवाणी होती. पण चालायला लागली तशी दोघांची कंबर डुलू लागली. देवीदासभाऊंनी त्यांना अकोल्याला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि विचारले, "यांचे आईबाप एकमेकांचे कोण?"

"आते-मामे. आमच्यात होते तसं, मॅडम."

"तुमच्यात होऊ द्या. खुब्याचा दोष दोघांच्याही घराण्यात होता, तुम्ही तो एका ताटात वाढला."

त्या दोघांतला एक फार जगला नाही. दुसरी, मुंगी, त्यांनी कोणालाच दिली नाही. ती आजही मागचे पाय ओढत अंगणभर फिरते आणि सगळ्यांवर हुकूम चालवते.

त्यानंतर माझे दुसरे स्थळ पाहायला त्यांनी फार वेळ घेतला. नवरा नात्यागोत्याबाहेरचा, नागपूरकडचा. आधी त्याच्या खुब्याचा फोटो निघाला, मग माझ्या. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो पाहून मान डोलावली, तेव्हा कुठे बैठक झाली. या विणीची पिल्ले हरणासारखी पळाली. एकेक करून चांगल्या घरी गेली. शेवटची एक लेक माझ्यापाशी उरली. तिचे कसे होते, हाच एक घोर मला लागून राहिला होता.

तिला पाहायला अमरावतीहून भगवंतराव आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे बसल्या बसल्या सगळ्यांना कामे सांगणारे. सोबत त्यांची सून अपेक्षा होती. आधीच्या वर्षी त्यांनी फोनवर फोटो पाहून एक पिल्लू मागवले होते. एका माणसाने ते बसस्टँडवर खोक्यात घालून हातात दिले. आई कुठे, विचारले तर म्हणे, गावाकडे. ते पिल्लू आठवडाभरात अपेक्षाच्या मांडीवरच दगावले. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

अपेक्षा आली ती आधी माझ्यापाशी बसली. पिल्लाकडे नंतर पाहिले. मला ती तेव्हाच आवडली.

तेवढ्यात मुंगी पाय ओढत आली.

"हे काय झालं हिले?" भगवंतरावांनी विचारले.

"पह्यल्या विणीची हाये," देवीदासभाऊ म्हणाले. "चूक आमची. घरातच सोयरीक केली. आता तसं नाई केलं, पण तुमाले माहीत पायजे."

मग देवीदासभाऊंनीच प्रश्न सुरू केले. घरी दिवसभर कोण असते? गावाला गेल्यावर हिला कोण पाहणार? अंगण आहे की नुसती गच्ची?

"बाप्पा!" भगवंतराव उठलेच. "आमी कुत्रं घ्यायले आलो का पोरगी मागायले? चाल अपेक्षा. तिकडं एक जण आजच देऊन राह्यला, काही विचारत नाई."

"काहीच विचारत नाई म्हणूनच नको, बाबा," अपेक्षा जागची हलली नाही. "मागच्या खेपेलेही कोणी काही विचारलं नव्हतं."

भगवंतराव खाली बसले. चहाचा कप उगाच फिरवत म्हणाले, "विचारा भाऊ, काय विचारायचं ते."

पुढच्या रविवारी आम्ही घर पाहायला अमरावतीला गेलो. मुलीची आई म्हणून मीही मागच्या सीटवर होते. ओसरीवर नवीकोरी साखळी टांगलेली होती. मैनाबाईंनी ती हातात घेऊन तिचे वजन अजमावले. "भगवंतराव, हे पोरीचं मंगळसूत्र का?"

भगवंतरावांनी साखळी काढली. फाटकाखालच्या फटीला जाळी बसवायचे कबूल केले. देवीदासभाऊंनी एकच अट घातली. "नांदली त आनंद. नाई नांदली त माहेरी आणून सोडा, आमी ठेवून घेऊ. रस्त्यावर नाई सोडायची, दुसऱ्याले नाई द्यायची."

"माझ्या घरून पोरगी परत जाणार?" भगवंतराव दुखावले. "काय बोलून राह्यले, भाऊ!"

लेक पुरती दोन महिन्यांवरची होईपर्यंत माझ्याजवळ राहिली, लसी टोचून झाल्या, आणि मग निघाली. मैनाबाईंनी अपेक्षाकडून माझी ओटी भरवून घेतली. ओटीत उकडलेली अंडी होती. मी निरोपाच्या वेळीच ती खाल्ली, याचा कोणी वेगळा अर्थ काढू नये. त्या रात्री मी माझ्या पोत्यावर तिच्या अंगाचा वास शोधत बसले होते.

मित्रांनो, तुम्हाला पिल्लू हवेच असेल तर आधी त्याची आई पाहा. ती कुठे निजते, कशी दिसते, माणसाला पाहून शेपूट हलवते की कोपऱ्यात दडते, ते पाहा. बापाची चौकशी करा, आईच्या नात्यातला तर नाही ना, तेही विचारा. दुखणी लपवणाऱ्यापेक्षा दाखवणारा माणूस बरा. आणि देणाऱ्याने तुम्हालाच चार प्रश्न विचारले तर रागावू नका. ज्याला द्यायला जड जाते, त्याच्याकडूनच घ्या.

दिवाळीला भगवंतराव स्वतः लेकीला माहेरपणासाठी घेऊन आले. तिच्या गळ्यात लाल पट्टा होता आणि ती अंगाने भरली होती. देवीदासभाऊंनी फाटक उघडले. मैनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

मी तिला ओळखले नाही. तिच्यावर भुंकत राहिले, शेवटी मलाच बांधून ठेवावे लागले.