करंजवेळचं घर

सरुबाईने समुद्र डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, तेव्हाच तिच्या नवऱ्याने समुद्राकाठी घर घेतलं होतं.

ते त्रेपन्न साल. पिंपरीतली दोघा भावांची रस्त्याकडेची जमीन एका कारखान्याच्या हद्दीत गेली आणि मोबदल्याचे पैसे हातात आले. धाकट्या बबनरावाने महिन्याभरात कुरुळीला चार एकर घेऊन विहिरीचं कामही काढलं. तिचा नवरा सावळारामही तेच करील असं सरुबाई धरून चालली होती. पण सावळारामाचं मन शेतात कधी रमलंच नाही. चाकणच्या बाजारातला कांदा लॉरीत भरायचा, घाट उतरायचा आणि अलिबागच्या बाजूला नेऊन विकायचा, हा त्याचा उन्हाळ्यातला धंदा. पावसाळा तोंडावर आला की तिकडची घरं चार महिन्यांची बेगमी करतात, कांदा हातोहात खपतो. त्या वर्षी तो लॉरी रिकामी करून आला, हातपाय धुतले, भाकरीवर बसला आणि म्हणाला,

"घर घेतलं."

"कुरुळीला?"

"करंजवेळला. अलिबागच्या खाली हाय. दारातनं समुद्र दिसतो."

सरुबाईची तव्यावरची भाकरी करपली. "तिथं कोण हाय आपलं?"

"कोण कशाला पायजे? आत्ता भाड्यानं देऊ. हातपाय थकले की जाऊन राहू. पोर न्हाई, बाळ न्हाई आपल्याला. बबनच्या सुनांनी वाढलेलं खायाचंय का तुला म्हातारपणी?"

बबनरावाला तीन मुलगे होते. त्याची बायको गवराबाई त्यांतल्या एकाला तरी दत्तक घ्या म्हणून वर्षातून दोनदा सुचवायची आणि सरुबाई दोन्ही वेळा हसून विषय बदलायची. पिंपरीतलं घर एकच होतं, मधल्या भिंतीने दोन भाग केलेलं. भिंतीपलीकडे नातवंडं रडायला लागतील तेव्हा आपण अलीकडे बसून ऐकायचं, हे चित्र तिने मनाशी पुष्कळदा पाहिलं होतं.

करंजवेळचं घर यशोदाबाई नावाच्या एका विधवा बाईने भाड्याने घेतलं. गावच्या दवाखान्यात ती सुईणीचं काम करायची. भाडं मनीऑर्डरीने यायचं, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, एकदाही चुकलं नाही. मनीऑर्डरीच्या कूपनावर दोन ओळी लिहायला जागा असते. तिथे यशोदाबाई काहीबाही लिहायची आणि पिंपरीचा पोस्टमन सायकलवर एक पाय टेकवून ते सरुबाईला वाचून दाखवायचा. माड सात आहेत, सहा लागले. विहिरीचं पाणी गोडं आहे, वैशाखातही आटलं नाही. वाऱ्याने कौलं उडाली होती ती माझ्या खर्चाने शाकारली, काळजी नसावी.

सरुबाईला पहिल्या पहिल्यांदा यात काही वाटलं नाही. मग हळूहळू ती त्या तारखेची वाट बघू लागली. शेजारणींशी बोलताना "आमचे माड" असं तिच्या तोंडून जाऊ लागलं. इकडे पिंपरी तिच्या ओळखीची राहिली नव्हती. भोंगा वाजायचा तसं गाव उठायचं. बीडकडची, नगरकडची माणसं खोली आहे का म्हणून दारोदार विचारत फिरायची. जिथे तिने ज्वारी खुडली होती तिथे तारेचं कुंपण आणि आत चुन्याने रंगवलेल्या भिंती. या सगळ्यात आपलं असं एक घर दूर कुठेतरी शाकारलेलं, सारवलेलं उभं आहे, याचा तिला आधार वाटायला लागला. ती मनातल्या मनात त्या घरात भांडी लावायची.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात सावळाराम तिला लॉरीतून घेऊन गेला. समुद्र तिने पाहिला, पण तिच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. गावात शिरल्यावर सावळारामाने एका म्हातारीला रस्ता विचारला. "पिंपरीच्या सावळारामाचं घर कुठल्या अंगाला? घेतलं तेव्हा एकदाच आलतो, आळीतनं वाट ध्यानात न्हाई."

म्हातारी दोघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यशोदाबाईंचं घर म्हणता काय? ते काय, माडांत."

घर खरोखर देखणं होतं. अंगण आरशासारखं. पायरीवर दोन पोटुशी बायका बसलेल्या, त्यांच्याशी यशोदाबाई बोलत होती. पन्नाशीची, किडकिडीत, पांढरं पातळ नेसलेली बाई. तिने यांना पाट मांडले, शहाळी फोडली, मागची पडवी, विहीर, स्वतः लावलेली अबोली, सगळं हौसेने दाखवलं. "या इथे मी न्हाणीचा दगड बसवून घेतला," ती म्हणाली. "पूर्वी पाणी भिंतीत मुरत होतं."

सरुबाई मान हलवत होती. ज्या घरात तिने मनाने तीन वर्षं भांडी लावली होती, तिथे खुंटीवर दुसरीची पिशवी होती, फडताळात दुसरीच्या बरण्या होत्या, आणि सबंध गाव घराला दुसरीच्या नावाने ओळखत होतं. परतताना घाटमाथ्यावर ती म्हणाली, "पाहुणीसारखं बसवलं मला. माझ्याच घरात."

"चांगली बाई हाय," सावळाराम म्हणाला.

"असंल."

पुढच्या वर्षी सावळारामाचे गुडघे गेले. लॉरीतला वाटा त्याने भागीदाराला देऊन टाकला आणि यशोदाबाईला पत्र लिहवून घेतलं की आता आम्हीच राहायला येतो, घर मोकळं करावं. उत्तर आठ दिवसांत आलं. पोस्टमनने ते ओट्यावर बसून वाचलं. यशोदाबाईने लिहिलं होतं, गावात दुसरी जागा मिळत नाही, आणि रात्रीअपरात्री बोलावणं येतं म्हणून दवाखान्यापासून लांब जाता येत नाही. आपण अवश्य या. मला फक्त मागची पडवी ठेवा. चूल वेगळी मांडीन, भाडं देईन, आपलं दुखलंखुपलं बघीन.

"हे बेस झालं," सावळाराम म्हणाला. "परक्या मुलखात सोबत व्हईल."

"पडवी द्यायची न्हाई," सरुबाई म्हणाली.

"अगं, दोन माणसांना किती जागा लागती?"

"ती तिथं असली तर घर तिचंच ऱ्हाईल. आपण पुढच्या दारानं आलेले पाहुणे. मला पायजे तर सगळं पायजे, न्हाई तर तुमचा समुद्र तुमच्यापाशी ठेवा."

सावळारामाने तिला एवढी आडमुठी कधी पाहिली नव्हती. दोन दिवस त्याने वाट बघितली, मग तिला घेऊन अलिबागला जाऊन वकील गाठला. वकिलाने कागद चाळून विचारलं, "पिंपरीत राहता ते घर कोणाचं?"

"निम्मं माझं, निम्मं भावाचं."

"मग अवघड आहे. भाडेकरूला असं उठवता येत नाही. तुम्हाला स्वतःला राहायला हवं, हे एक कारण चालतं. पण कोर्ट बघणार की अडचण कोणाची मोठी. तुम्हाला दुसरं छप्पर आहे, तिला नाही."

सरुबाईने विचारलं, "आणि नसलं तर?"

वकिलाने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "नसेल तर गोष्ट वेगळी," तो म्हणाला.

पिंपरीतला निम्मा भाग बक्षीसपत्राने बबनरावाच्या नावावर करायचा, ही कल्पना तिचीच. नुसता कागद. निकाल लागला की पुन्हा नावावर करून घेऊ. पुण्याला कचेरीत जाऊन दोघा भावांनी अंगठे उठवले. बबनराव म्हणाला, "वैनी, घरातल्या घरात कागद कशाला लागतो? पर तुमी म्हणता तर करू." गवराबाईने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या.

अलिबागच्या कोर्टात सरुबाई साक्षीला उभी राहिली. यशोदाबाई समोर बाकावर बसली होती, पांढऱ्या पातळाचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. तिच्या वकिलाने विचारलं, "चार वर्षं मनीऑर्डर पिंपरीच्या घरी येत होती. ते घर आता कुठे गेलं?"

"ते दिराचं हाय," सरुबाई म्हणाली. "आमी त्याच्या आश्रयानं ऱ्हातो. तो आज म्हणला तर आज निघावं लागंल."

"म्हणजे तुम्हाला दुसरं घर नाही?"

"न्हाई."

तिला वाटलं होतं जीभ अडखळेल. अडखळली नाही. कोर्टाबाहेर यशोदाबाई तिच्याजवळ आली, तिने एकवार बघितलं आणि ती एसटीच्या दिशेने चालू लागली.

निकाल सावळारामाच्या बाजूने लागला. अठ्ठावन्नच्या मार्गशीर्षात दोघं सामान घेऊन करंजवेळला उतरली. यशोदाबाई आदल्या दिवशीच गेली होती. किल्ली शेजारी ठेवलेली. घर झाडून-सारवून ठेवलेलं, आणि स्वयंपाकघरात पाण्याचा हंडा काठोकाठ भरून ठेवलेला. प्रवासाने दोघांचे घसे सुकले होते. सावळाराम तांब्या बुडवून पाणी प्यायला. सरुबाईने हंडा मागच्या दारी नेऊन अबोलीच्या वाफ्यात ओतला आणि विहिरीवर जाऊन नवा भरून आणला.

पहिला महिना भांडी लावण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की आपल्या पायरीवर कोणी बसत नाही. संक्रांतीला आळीतल्या सगळ्या सवाष्णी एकमेकींकडे हळदीकुंकवाला गेल्या. तिला बोलावणं आलं नाही. तिने स्वतः ताट सजवून चार घरी निरोप दिला. एकही आली नाही. विहिरीवर गेलं की बोलणं थांबायचं, घागरी भरून बायका निघून जायच्या. वाईट कोणी बोललं नाही. बोललंच नाही. त्या गावातल्या निम्म्या पोरांची नाळ यशोदाबाईने कापली होती, हे तिला कळायला वेळ लागला. माडांवर चढणारा गडी दर खेपेला म्हणायचा, "बघतो, येतो पुढच्या आठवड्यात," आणि शेजारच्या वाडीत शिरायचा. नारळ वाळून आपोआप खाली पडायचे. दोन कौलं त्यांनीच फुटली.

पावसाळा आला तसा सावळाराम खचला. समुद्र समुद्र करणारा माणूस, पण ओल त्याच्या गुडघ्यात शिरली आणि तो दाराशी घोंगडी गुंडाळून बसायला लागला. श्रावणात त्याला तापही येऊ लागला. एके दिवशी म्हणाला, "सरू, घरी जाऊ."

"हेच घर न्हवं का?"

"पिंपरीला जाऊ म्हणतो मी."

ती एकटीच एसटीने पिंपरीला गेली. आपल्या भागाच्या दारात तिला तीन परके पायजमे वाळत घातलेले दिसले. आत कारखान्यातले तिघे कामगार राहत होते; एक जण शिफ्ट करून येऊन झोपला होता. पलीकडच्या दारातून गवराबाईने हाक मारली, तिला बसायला चटई टाकली, चांगल्या कपात चहा दिला. पाहुण्यांसाठी ठेवलेला तो कप सरुबाईने ओळखला.

बबनराव आला तेव्हा तिने आडवळण घेतलं नाही. "भावजी, आमी परत येतो. तो कागद फिरवून द्या."

बबनरावाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "वैनी, मानसं ठेवलीत तिथं. त्यास्नी आता असं कसं उठवू? कायदा हाय."

"मग एक खोली द्या. तुमचे दादा आजारी हायेत."

"दादाला आना की. चार दिस, आठ दिस. मी न्हाई म्हनतो का?" त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "पर घर माझं हाय हे तुमीच कोर्टात शपथेवर सांगितलं. आता खोटं होतं म्हणून कुणाला सांगनार?"

गवराबाई कप उचलून आत गेली. सरुबाईला राग यायला हवा होता, पण आला नाही. बबनराव बोलला त्यातला एकेक शब्द तिचाच होता. तो दमदाटी करत नव्हता, आवाजही चढवत नव्हता. तिने पदर सावरला आणि ती दुपारच्या गाडीने निघाली.

करंजवेळला परतल्यावर दोन दिवसांनी ती यशोदाबाईला शोधत गेली. दवाखान्यामागे एका कोळ्याच्या परड्यात जाळी ठेवायची खोली होती, त्यात ती राहत होती. दाराशी तिघी बायका बसलेल्या होत्या; सरुबाईला पाहून उठल्या आणि निघून गेल्या. यशोदाबाईने तिला या म्हटलं.

"मागची पडवी मोकळी हाय," सरुबाई उभ्यानेच म्हणाली. "भाडं नको. ऱ्हायला या."

यशोदाबाई निवडायला घेतलेले तांदूळ निवडत राहिली. "मालक कसे आहेत?"

"ताप हाय."

"ताप असेल तर बोलवा. केव्हाही येईन, ते माझं काम आहे." मग तिने सूप खाली ठेवलं. "बाई, मी पडवी मागितली तेव्हा तुम्ही मला घाबरलात. आता गावाला घाबरलात. माझ्यासाठी तुम्ही कधीच आला नाहीत. राहायला मी येणार नाही."

"चुकलं माझं."

"चुकलं नाही हो. तुम्हाला जे हवं होतं ते मिळालं."

सरुबाई घरी आली. सावळारामाने विचारलं, "काय म्हणाली?"

"घरी नव्हती," ती म्हणाली.

पुढच्या तापात बोलावल्यावर यशोदाबाई खरोखर आली. "त्या दिवशी म्हटलं होतं तशी आले," ती म्हणाली. नाडी बघितली, काढा कसा करायचा ते सांगितलं, काम उरकलं तशी निघाली. पाट मांडला होता, त्यावर बसली नाही. सावळाराम तिला जाताना बघत होता. ती अंगण ओलांडून गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "घरी नव्हती म्हनलीस."

सरुबाई चुलीपाशी काढा ढवळत राहिली. पाणी निम्मं आटल्यावर तिने काढा गाळला आणि वाटी त्याच्या उशाशी नेऊन ठेवली.