चांदीपाला

"मावशी, चांदीपाल्याची चार रोपं द्या. लेकीचा घसा बसलाय, उकळून पाजायचाय," टॅक्सीवाला म्हणाला.

पांढुरकं, लवदार पान दिसलं की आमच्या नर्सरीत येणारा जो तो त्याला चांदीपालाच म्हणतो. त्यातला सेज पोटात घ्यायचा. डस्टी मिलर नुसता कुंडीत मिरवायचा, पोटात गेला तर अपाय. बोटभर असताना दोघं जुळे भाऊच. फरक वासाचा, सेजचा तेवढा उग्र; आणि बावीस वर्षं रोपं ओळखून द्यायच्या टेबलावर नाक चालायचं ते माझं.

नेमक्या त्या दिवशी पाइपाच्या पाण्यानं दोन्ही रोपांच्या ट्रेंवरच्या नावाच्या चिठ्ठ्या वाहून गेल्या होत्या.

मी पान चुरडून नाकाशी धरलं. काही नाही. महिन्यापूर्वीच्या तापात माझा वास गेला होता आणि मी मेलीनं कुणाला सांगितलं नव्हतं. वास न येणाऱ्या बाईला त्या टेबलावर कोण ठेवणार? महिनाभर मी सुनेच्या तोंडाकडे बघून निभावलं. ती शेजारीच पिशव्यांत माती भरायची. मी सेज चुरडला की नाक मुरडायची. त्या दिवशी तिची सुटी.

ठोकून दिलं असतं अंदाजानं. पण पोर कुणाचीही असो, पोरच ती. माझा हात धजेना. मालकीणबाईंना हाक मारली.

"बाई, मला वास येत नाही. महिना झाला."

त्यांनी दोन्ही पानं हुंगली, टॅक्सीवाल्याला सेज दिला. मग मला म्हणाल्या की उद्यापासून टेबल सुनेकडे, तुम्ही पाणी घालायचं बघा. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी जाऊन रडले, खोटं कशाला बोलू? सुनेला सगळं सांगितलं, तर ही हसायला लागली.

"मला ठाऊक होतं, आई. नाहीतर दर वेळी एवढं नाक मुरडायला मला काय वेड लागलंय?"

आता ती स्टुलावर बसते, मी झारी घेऊन फिरते. बरं चाललंय. उन्हात जरा हिंडणं होतं, गुडघेही कुरकुरत नाहीत. फक्त जुनं गिऱ्हाईक आलं की ती मला हाक मारते. स्वतः हुंगून झालेलं पान माझ्या नाकाशी धरते आणि म्हणते, "आई, बघा बरं."

मी डोळे मिटून हुंगते, मान डोलावते. मगच ती रोप देते.