सतरा नंबरचं यंत्र

गप्प राहण्यात संघपालचा सगळा फायदाच होता. कंत्राट आणखी तीन वर्षं पुढं सरकणार होतं आणि उन्हाचा अभ्यास करणाऱ्या वेदिका मॅडमच्या अहवालात, शेवटच्या पानावर का होईना, त्याचं नाव छापून येणार होतं. बोलण्यात काय होतं? वाडीच्या गोदामातल्या चोवीस बायांची दुपारची सुट्टी. त्या चोविसांत एक त्याची माय होती, हे धरूनसुद्धा पारडं गप्प राहण्याकडेच झुकत होतं.

डिसेंबर होता. अधिवेशनासाठी सरकार मुंबईहून नागपुरात आलं होतं आणि सवड काढून नागपूरच्या उन्हाचा अहवाल ऐकत होतं. उपसचिव सुमंत साहेबांच्या गळ्यात मफलर होता. पडद्यावरची रेघ सकाळी नऊपासून चढत गेली होती आणि बाराच्या ठोक्याला विहिरीत पडावी तशी खाली आली होती. तीनला पुन्हा वर.

"मॅडम, मे महिन्यात भर दुपारी गोदामात एकतीस डिग्री? आमच्या मंत्रालयातही इतका गारवा नसतो हो." दोघे-तिघे हसले. "मग बारा ते तीन काम बंद ठेवायचा नियम कशाला हवा?"

वेदिका मॅडम कागद चाळू लागल्या. "पत्र्याखाली वारा खेळत असावा... तपासावं लागेल." हुशार बाई. पण गोदामात त्या दोनदाच गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा सकाळी.

संघपालनं ती रेघ ओळखली. तो रांजण होता.

उष्णता टिपणारी ती यंत्रं बिल्ल्याएवढी, गळ्यात घालायची. मे महिन्यात ती वाटताना त्यानंच बजावलं होतं, "जिवापेक्षा जपा. सरकारी वस्तू आहे. बिघडली त माह्या मानेवर येईन." पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या त्या बाया. त्यांनी खरंच जपली. बारा वाजले की यंत्र गळ्यातून काढायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि गोदामामागच्या कडुलिंबाखाली रांजणापाशी ठेवायचं. स्वतः गडूभर पाणी प्यायचं आणि दाभण घेऊन पुन्हा तापल्या पत्र्याखाली बसायचं. मायनं घरी कौतुकानं सांगितलंही होतं, "तुह्या मशीनले ऊन नाही लागू देल्लं आम्ही." तो हसून जेवत राहिला होता.

संघपाल उठला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे हे बाद?" साहेबांनी विचारलं.

"दुपारचं बाद, साहेब. पण ऊन खरं आहे."

"असेल हो. मी कुठं नाही म्हणतो? पण फाइलला तुमचा शब्द कसा जोडू? आकडा लागतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजा." मग कळमन्याच्या बाजारात संत्री चांगली मिळतात का, याची त्यांनी चौकशी केली.

मॅडमनी त्याला कामावरून काढलं नाही, हे त्यांच्या जमेला धरायला हवं.

पुढच्या मे महिन्यात यंत्रं पुन्हा निघाली. अंजनाबाई भांडी घासत होती.

"माय, यंदा गळ्यातून काढायचं नाही. रांजणापाशी त न्यायचंच नाही."

"काहून गा? बिघडन ना थे."

"बिघडू दे. मागच्या साली तुमच्या जपण्यानं साऱ्या साहेबांसमोर माह्यी मान खाली गेली."

अंजनाबाईनं हात पदराला पुसले. "बरं बापा. यंदा नाही जाऊ देत." सतरा नंबरचं यंत्र तिनं नवा दागिना घालावा तसं गळ्यात घातलं आणि आरशात पाहिलंसुद्धा.

पंधराव्या दिवशी ती पोत्यावरच आडवी झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मयताचे कागद होईपर्यंत शोभाताई त्याच्याजवळ बसून होती. ती गोदामात मायच्या शेजारी बसायची.

"रोज म्हणत होती मी, चल वं अंजनाबाई, घोटभर पाणी पिऊन येऊ. त म्हणे, नाही वं, रांजणापाशी गेलं त मशीन थंड होते, पोराचा आकडा बिघडते. गडू आणून देतो म्हणलं, त म्हणे तोही दूरच ठेव. बारा ते तीन जागची हालत नव्हती थे."

"तुम्ही जात होत्या?"

"जात होतो ना गा. मशीन घालूनच जात होतो. पाणी पिलं का लगेच वापस."

पाच मिनिटांच्या फेरीनं आकडा बिघडत नव्हता. एवढंच सांगायचं त्याच्याकडून राहिलं होतं.

डिसेंबरात तीच खोली, तोच मफलर. या वेळी चोवीस रेघा होत्या. तेवीस रेघांना दुपारी बारीक खाचा होत्या. एक मात्र न अडखळता अठ्ठेचाळीसपर्यंत चढत गेली होती.

"वा! ही बघा," साहेब म्हणाले. "इतकी स्वच्छ रेघ! हीच लावा फाइलला. पण ही मध्येच का संपली?"

वेदिका मॅडमनी हातातले कागद सारखे केले. "ती व्यक्ती अभ्यासातून बाहेर पडली," त्या म्हणाल्या. त्यांच्या शास्त्रात असंच म्हणतात. त्यांनी संघपालकडे पाहिलं नाही. या वेळी तो गप्प राहिला.

मार्चमध्ये एका पानाचा आदेश निघाला. साहेबांच्या कामगिरीत एक ओळ वाढली. मॅडमचा लेख परदेशी नियतकालिकानं घेतला. संघपालचं कंत्राट पुढं सरकलं, शेवटच्या पानावर नावही आलं. तेवीस बायांना उन्हाळ्यापुरती बारा ते तीन सुट्टी मिळाली.

यंत्रं परत करायला तो भांडारात गेला. भांडारपाल गणपतरावांनी एकेक उचलून, उजेडात फिरवून पाहिलं. सतरा नंबरची दोरी घामानं पिवळी पडली होती, बाकी काही नाही.

"दोन उन्हाळे, न् एकबी फुटलं नाही?" गणपतराव म्हणाले. "लय जपलं बाप्पा तुह्या बायांनी."

त्यांनी नोंदवहीत लिहिलं : दिलेली चोवीस, परत आलेली चोवीस, सर्व सुस्थितीत. मग वही वळवून त्याच्यापुढं सरकवली. संघपालनं सही केली.