काळी चार

गल्लीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणत, कारण चाळीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवल्या होत्या. हात इतका हलका, की त्यांची कवळी तोंडात आहे हे लोक विसरायचे आणि तशीच घालून झोपी जायचे. काम सोडल्यावर त्याच खोलीत, त्याच टेबलावर काकांनी एक नवाकोरा टर्नटेबल मांडला आणि गाण्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या जमवायला सुरुवात केली. "आयुष्यभर माणसांची तोंडं नीट केली, आता यांची करतो," असं ते शेजाऱ्यांना सांगत. शेजारी हसत आणि आपापल्या कामाला लागत.

खरं म्हणजे काकांना शेकड्याने तबकड्या नको होत्या. हवी होती ती एकच.

काकांची ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. अठराव्या वर्षी एका लहानशा कंपनीने तिचं गाणं मुद्रित केलं होतं. एक बाजू तिची, दुसरी बाजू कुण्या व्हायोलिनवाल्याची. फिकट हिरव्या लेबलवर तिचं नाव बारीक अक्षरांत होतं. कंपनीने घरी एक प्रत दिली. ती पुरती आठ दिवससुद्धा टिकली नाही. नऊ वर्षांचा धाकटा भाऊ बाहेरून धावत आला आणि खुर्चीवरच्या शालीवर धपकन बसला. शालीखाली तबकडी होती. तुकडे त्याने कपाटाखाली सरकवले. संध्याकाळी ते सापडले तेव्हा घरातल्या मांजराचं नाव पुढे झालं. त्याने मूग गिळले. मांजराला दोन दिवस बाहेर काढलं गेलं. ताई काहीच बोलली नाही. कंपनी वर्षभरात बंद पडली, ताईचं लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात गेली आणि तिचं गाणं राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर सहासष्ट वर्षं झाली. भाऊबहीण दर रविवारी फोनवर बोलत ते गुडघे, गोळ्या आणि भाचीची नोकरी एवढ्यावरच. गाण्याचा विषय दोघंही काढत नसत.

आणि एका सोमवारी जुन्या सामानाच्या दुकानातल्या बाईंचा फोन आला. "काका, हिरव्या लेबलवाली म्हणत होतात ना? एक आलीय. काठाला चीर आहे, पण अख्खी आहे."

तबकडी काकांनी छातीशी धरून घरी आणली. बुरशीचे पांढरे ठिपके होते, कुणीतरी जाड पोलादी सुयांनी ती भरपूर वाजवलेली होती, पण लेबल शाबूत होतं आणि त्यावर ताईचं माहेरचं नाव होतं. काकांनी ते तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

धुण्याआधी त्यांनी टेबलावरची स्पिरिटची बाटली उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. कवळ्यांच्या कामात स्पिरिटवाचून पान हलत नसे, पण लाख त्यात विरघळते. लेबलवर प्लॅस्टिकची चकती दाबली, बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला आणि मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, गोल गोल, हळूहळू मळ काढला. दोनदा नुसत्या पाण्याने धुतली. ताटाळ्यात उभी करून रात्रभर वाळू दिली. सकाळी टर्नटेबलला जाड टोकाची सुई लावली. नव्या तबकड्यांची बारीक सुई या रुंद खाचेत तळाला जाऊन नुसती खरवडत बसते. वेग अठ्ठ्याहत्तरवर ठेवला आणि सुईची दांडी उतरवली.

आधी तळल्यासारखी चरचर झाली. चिरेवरून सुई गेली की टक्, पुन्हा टक्. मग पेटी, मग आवाज.

काका खुर्चीत मागे टेकले, आणि तसेच सरळ झाले. ही ताई नव्हती. आवाज पातळ होता, घाईत होता, कुणी मागे लागल्यासारखा.

एखाद्याला वाटलं असतं, आठवण फसवी असते. पण काकांना खात्री होती. ताई रियाजाला बसायची तेव्हा पेटीवरची पाचवी काळी पट्टी, म्हणजे काळी पाच, दाबून धरायचं काम या धाकट्याचंच असे. बोट दुखेपर्यंत तो सूर त्यांनी धरला होता. त्यांनी मोबाईलवर सूर मोजला. गाणं लागत होतं पांढऱ्या सहामध्ये, म्हणजे काळी पाचच्या खाली. हात्तिच्या! म्हणजे वेग वाढवायला हवा. लहान कंपन्यांची यंत्रं कुठे घड्याळ लावून फिरत होती? त्यांनी वेगाची पट्टी वर सरकवली. काळी पाच बरोबर जुळली आणि गाणं मात्र उंदराने म्हटल्यासारखं झालं.

दोन दिवस काकांनी तबकडी कपाटात उभी करून ठेवली. मनात एकच घोळत होतं. आपण मोडली ती गेलीच, आता मिळाली तीही आपल्याला ऐकू येत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलला.

"आज गुरुवार रे," ताई घाबरून म्हणाली. "कुणाचं काही झालं का?"

"कुणाचं काही नाही. ताई, तू रेकॉर्डवर गायलीस ते कुठल्या सुरात?"

ताईने पलीकडे टीव्हीचा आवाज बंद केला.

"काळी चार," ताई म्हणाली.

"पाच. तू नेहमी पाचमध्येच गायचीस. मीच धरायचो की."

"नेहमी. पण त्या दिवशी मला हे एवढं पडसं. नेमकी तिथेच माशी शिंकली. गाण्याचे मास्तर म्हणाले, आज पुढे ढकला. कंपनीवाले म्हणाले, खोली आजच्यापुरतीच भाड्याने आहे. मग चारमध्ये गायले." ती जरा थांबली. "का विचारतोस, छोट्या?"

काकांनी सांगितलं. दुकान, चीर, धुणं, सगळं. आणि बोलण्याच्या भरात जे सांगायचं नव्हतं तेही बाहेर पडलं. "ती पहिली... मांजराने नव्हती फोडली."

"ठाऊक आहे. मांजराचं वजन तेवढं असतं का?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुला मार बसला असता. आणि मला..." ताईचा आवाज खाली आला. "मला बरं वाटलं होतं रे. नाकात गायलेलं ते माझ्या नावावर राहणार, याची लाज वाटायची. फुटली तेव्हा वाटलं, आता ते पुन्हा बोलावतील. या खेपेला पाचमध्ये गाईन. दोन महिने मी आलं आणि मध खात होते. आंबट म्हणून तोंडाला लावलं नाही. रोज पोस्टमनची वाट बघायची. मग एक दिवस तो आला आणि मी उठलेच नाही. तेव्हा कळलं, आपण वाट बघणं सोडलं."

सहासष्ट वर्षं ज्याची टोचणी बाळगली, त्याच्या पलीकडे दुसरंच काही उभं होतं.

काळी चार म्हणजे पांढऱ्या सहाच्याही खाली. फोन ठेवून त्यांनी वेगाची पट्टी खाली सरकवली. अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, साडेत्र्याहत्तर. सूर काळी चारवर बसला. सुई उतरवली, आणि खोलीत अठरा वर्षांची मुलगी गायला लागली. आवाज जड होता, किंचित बंद होता, पण तिचाच होता. शब्द सोडताना हनुवटी उचलायची तिची सवयसुद्धा ऐकू येत होती. काका उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यांनी फोन स्पीकरजवळ धरून ताईला ऐकवायचा प्रयत्न केला. फोन गाण्याला गोंगाट समजून गिळून टाकत होता. "नुसती फुसफुस येतेय," ताई म्हणाली. मग काकांनी यंत्र मूळच्या खोक्यात भरलं, स्पीकर रजईत गुंडाळले, तबकडी दोन पातळ फळ्यांमध्ये उभी बांधली आणि बसमध्ये चार तास मांडीवर उभीच धरून ठेवली. शेजारच्या माणसाने "काच आहे का?" असं विचारलं. "त्याहून वाईट," काका म्हणाले.

भाचीने दार उघडलं. "मामा, आई सकाळपासून साडी बदलतेय. ही तिसरी."

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. हात मांडीवर, एकात एक गुंतवलेले. काकांनी यंत्र मांडलं, ते सपाट बसलंय ना ते तपासलं, वेग बघितला.

गाणं सुरू झालं. ताईने डोळे मिटले नाहीत. ती स्पीकरकडे बघत राहिली, समोरून कुणी चालत यावं तशी. दुसऱ्या कडव्यात एका जागी श्वास जरा अडकला. "इथे शिंक दाबली," ती म्हणाली. भाची हसली आणि लगेच गप्प झाली, कारण आई हसत नव्हती.

सुई आतल्या काठाला पोचली.

"कशी वाटली?" काकांनी विचारलं.

"चांगली गात होती पोरगी," ताई म्हणाली. "उगाच लाजले मी. पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा पहिली ओळ आली तेव्हा तीही हळूच म्हणू लागली. आवाज फाटका होता, पण सूर पक्का. दोघी बरोबर चालल्या. वर जायची जागा आली. ताईने मान उचलली, तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही. पोरगी एकटीच वर गेली. ताई तिच्याकडे बघत बसली.

भाचीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. ताईने तो हात थोपटला आणि बाजूला केला. "ऐकू दे."

दुपारी काकांनी ताईला दांडी उचलायची लहान कळ दाखवली, म्हणजे हात थरथरला तरी सुई आपटणार नाही. वेगाची पट्टी जिथे होती तिथे लाल पेन्सिलीने खूण केली. भाचीला बजावलं, "अल्कोहोलचं काही लावायचं नाही. आडवी ठेवायची नाही. आणि खुर्चीवर तर मुळीच नाही."

"आणि मामा, तुम्ही काय ऐकणार?"

"माझ्याकडे दोनशे आहेत," काका म्हणाले. ते वाजवायला घरी आता यंत्र नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

निघताना ताई दारापर्यंत आली नाही. रिकामं खोकं काखेत घेऊन ते जिना उतरू लागले, तोच वरून चरचर ऐकू आली, मग टक्, मग पेटी. काका मधल्या मजल्यावर थांबले. कठड्याला धरून पहिलं कडवं पूर्ण ऐकलं. मग बस चुकेल म्हणून उरलेल्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आले.