काजळी धरलेली काच आणि मी

मी एक फरशी बोलतेय. जुन्या बल्बच्या तारेत असायचा ना, त्याच टंगस्टनची. अणू जोडून ऊर्जा काढायच्या संलयन भट्टीच्या तळाला आम्हा बहिणींना ओळीने बसवलं, तेव्हा बसवणारा म्हणाला, "जपून, पायावर पडेल." आमचं एवढंच कौतुक झालं.

या भट्टीत वायू इतका तापवतात की त्याचा प्लाझ्मा होतो. चुंबकं त्याला अधांतरी धरून ठेवतात. मधला प्लाझ्मा शहाण्यासारखा राहतो. काठावरचा निसटतो आणि थेट माझ्या डोक्यावर येतो. तो किती रुंद पट्ट्यात पडेल, हे संगणकावर मांडून आधीच सांगणं हे मॉडेलवाल्या बाईंचं काम. निर्वातात काही ऐकू येत नाही म्हणतात. आपल्याबद्दल बोलणं चाललं असेल तर येतं.

मॉडेलमध्ये एक आकडा असतो, तो कुणालाच नीट ठाऊक नसतो. भट्टीच्या खिडकीबाहेरच्या कॅमेऱ्यात पट्टा दिसतो तसाच गणितात येईपर्यंत तो फिरवत राहायचं. सगळेच फिरवतात. बाईंनी फिरवला, पट्टा जुळला, टाळ्या पडल्या. त्या जोरावर पूर्ण ताकदीचा प्रयोग ठरला आणि पाहुण्यांना आमंत्रणं गेली.

आदल्या दिवशी कॅमेरा सांभाळणाऱ्या दादांनी खिडकीची काच बदलली आणि एक छोटा प्रयोग करून पाहिला.

"बाई, जुन्या काचेला आतून काजळी धरली होती, त्यामुळे सगळं पसरट दिसायचं. आता बघा कसं लख्ख दिसतंय! पट्टा निम्म्याने बारीक झालाय."

"निम्म्याने?"

"हो. छान ना?"

बाईंनी लगेच गणित नव्याने मांडलं. इतकी वर्षं त्यांनी मॉडेल जुळवलं होतं ते काजळीशी. उष्णता तेवढीच, जागा निम्मी. म्हणजे उद्या मी वितळणार होते.

बाई तडक प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे गेल्या. ते म्हणाले, "हे आत्ता सांगताय? तुमचंच मॉडेल दाखवून पाहुणे बोलावलेत."

"माझंच चुकलंय म्हणून तर सांगतेय. फरशी वितळली तर भट्टी वर्षभर बंद. ताकद निम्मी करा."

"आणि नसतीच वितळली तर?"

"तर माझं हसं होईल. करा निम्मी."

निम्मी केली. बाहेरून पाहणाऱ्यांना काहीच झालेलं दिसलं नाही. पाहुणे चहा पिऊन गेले आणि बाईंचं नाव 'घाबरट बाई' पडलं. मग त्यांना बैठकीचं बोलावणंही येईनासं झालं. आईचा फोन आला की म्हणायच्या, "बरी आहे गं. हल्ली काम जरा कमी आहे." मला फार वाईट वाटायचं.

आज भट्टी उघडली. दादांनी मला बाहेर काढलं. "घासायला पाठवायच्या आधी बघून घ्या," म्हणत बाईंच्या टेबलावर ठेवलं. माझ्या अंगावर एक बारीक रेघ उमटली आहे, आणि निम्म्या ताकदीतही तिची कड पाघळली आहे. बाईंनी पट्टी लावून ती मोजली. नव्या गणितात आली होती तेवढीच भरली. त्यांनी पुन्हा मोजली आणि डोळे पुसले.

मग मला उचलून बाई बैठकीच्या खोलीपर्यंत आल्या. आत बोलणं चालू आहे आणि बाई दाराशीच घुटमळताहेत.

बाई, आता मागे फिरू नका. दार ढकला, मला प्रमुखांच्या पुढ्यात ठेवा आणि नुसत्या उभ्या राहा. पुढचं मी बोलते.