तळघरातली हवा

आमच्या ह्यांचं अर्धं आयुष्य तळघरात गेलं. व्हायोलिनं दुरुस्त करतात. ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसू नये म्हणून खिडकी कायमची बंद, फटीफटीत चिंध्या कोंबलेल्या. जेवायला हाक मारली की खालून नुसता "हो" येतो, माणूस काही येत नाही.

लेक घरांची तपासणी करते. तिनं तळघरात हवा तपासून आकडा दाखवणारी एक डबी आणून ठेवली. "आई, जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो. रंग नाही, वास नाही. बंद खोलीत साठतो आणि पुढे फुफ्फुसांचा कॅन्सर होऊ शकतो. त्यात बाबांनी इतकी वर्षं सिगारेटी फुंकल्यात, त्यांना धोका जास्त."

डबी आठवडाभर तिथेच राहायची होती. मधेच मी चादरी काढायला माळ्यावर गेले, तर ती डबी उघड्या झरोक्यात वारा खात बसलेली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबी उचलून तडक तळघरात उतरले.

"अहो, हा काय पोरकटपणा?"

"अगं, खाली आकडा फार दिसत होता. लेकीनं बघितला तर तळघराला कुलूप लावेल. मग मी काय करू? टीव्हीसमोर बसून माशा मारू?"

वाद घालून उपयोग नव्हता. मी एक खुर्ची उचलली, विणकाम घेतलं आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"तू कशाला इथे?"

"तुमच्या छातीत जाईल ते माझ्याही छातीत जाऊ दे. तुमच्या मागे एकटी राहून मी काय करू?"

ह्यांनी थोडा वेळ ब्रश फिरवल्यासारखं केलं. मग उठले आणि खिडकीतल्या चिंध्या स्वतःच उपसून काढल्या. ओलं पॉलिश तसंच उघड्यावर पडलं होतं.

"तू आधी वर जा," म्हणाले आणि लेकीला फोन लावला.

"कुलूप कोण लावतंय, बाबा?" लेक हसत सुटली. दुसऱ्याच आठवड्यात तिनं माणसं आणून जमिनीच्या भेगा बुजवल्या, फरशीखालून छतापर्यंत पाइप नेला, त्याला पंखा बसवला. वायू खालच्या खाली ओढून बाहेर सोडतो. डबी पुन्हा तळघरात ठेवली, यावेळी माझ्या पहाऱ्यात. आकडा चांगलाच उतरला.

मी खुर्ची वर न्यायला गेले, तर ह्यांनी हात धरला.

"राहू दे ना. आता हवा चांगली आहे. बस की जरा."