फीलिमकाकाचा मऊ दगड

सरकारने खडीवर पर्यावरण कर बसवला तेव्हा शेल दगडाला सूट ठेवली. शेल म्हणजे पापुद्रे सुटणारा मऊ दगड. उत्तर आयर्लंडात काउंटी डाउनमधल्या आमच्या खाणीत त्याचा एकच पट्टा होता, जेमतेम हातभर. बाकी सगळा दगड काळा आणि कडक. पण फीलिमकाकाने बारा वर्षं सगळाच माल शेल म्हणून दाखवला आणि रविवारी चर्चलाही न चुकता गेला. देवाला दगडातलं काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

मग युरोपीय संघाच्या ब्रसेल्सवाल्यांना वास लागला, की ही सूट म्हणजे सरकारने काही खाणवाल्यांना वाटलेली खिरापत आहे. चौकशी सुरू झाली आणि दगड खरंच शेल आहे का ते तपासायला बेलफास्टहून हिलरी प्रॅट नावाच्या तपासनीस बाई हातोडा घेऊन आल्या. सूट गेली तर खाण बंद, आणि वजनकाट्यावर बसणाऱ्या माझ्यासकट नऊ माणसं घरी.

मी काकाला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "तू तोंड उघडायचं नाहीस. बोलायचं मी, तू फक्त चहा ओत."

टेबलावर मी त्या पट्ट्यातले निवडक तुकडे मांडले होते. बाईंनी एक उचलून बोटांनीच त्याचा पापुद्रा काढला.

"शेलच आहे," त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात मेरीमातेला मेणबत्ती लावली. "अगदीच मऊ आहे हो. भराव घालायला ठीक. रस्त्याला वगैरे हा काही चालायचा नाही."

काकाच्या हातातली किटली थांबली.

"कोण म्हणतं?"

"काका, चहा!"

"चहा गेला खड्ड्यात! अहो बाई, न्यूरीकडचा रस्ता माझ्या खडीवर आहे. कॅथलिकांचं चर्च माझ्या दगडावर, प्रोटेस्टंटांचंही. एकमेकांना शिव्या घालायला उभे राहतात तेही माझ्याच दगडावर! मऊ म्हणे! चला माझ्याबरोबर."

तो त्यांना थेट कड्यापाशी घेऊन गेला आणि एक काळा धोंडा पुढ्यात टाकला. "हाणा."

बाईंनी हाणला. चौथ्या घावाला हातोड्याचा दांडा मोडला. धोंड्यावर ओरखडाही नव्हता. काका टाळ्या पिटायला लागला. मला त्याचा गळा दाबावासा वाटला. नऊ घरं डोळ्यांसमोर आली आणि मी मोडका दांडा उचलायला वाकले.

बाई वहीत लिहीत होत्या.

"काय लिहिलंत?" काकाने विचारलं.

"अत्यंत कठीण. शेल नव्हे. सूट रद्द."

काकाने डोक्यावरची टोपी काढली.

"पहिले दोन शब्द," तो म्हणाला, "पुन्हा एकदा वाचता का?"